कुणीच न निवडलेली धून

पुण्यातल्या लहान-मध्यम कार्यालयांत फोनची यंत्रणा बसवून देण्याचं काम मी करतो. काम संपलं की एक चाचणी मी स्वतः घेतो. बाहेर जिन्यात जातो, मोबाइलवरून त्याच कार्यालयाचा नंबर लावतो आणि उचलणाऱ्याला सांगतो, ‘‘आता मला होल्डवर टाका आणि पाच मिनिटं विसरून जा.’’ मग फोन कानाला लावून उभा राहतो. यंत्रणा सिस्को कंपनीची असेल आणि कुणी कशाला हात लावलेला नसेल, तर पुढं काय वाजणार हे मला पाठ आहे. सिंथेसायझरचे तरंगते स्वर, खाली ड्रम मशीनचा पळता ठेका, आणि वर एक सुरावट, आनंदी पण जरा हुरहूर लावणारी. हिंजवडीपासून न्यूयॉर्कपर्यंत असंख्य कार्यालयांत फोन होल्डवर गेला की हेच वाजत आलं आहे.

या धुनीचं नाव ‘ओपस नंबर वन’. तिची हकिकत अनेकांनी गमतीची गोष्ट म्हणून सांगितली आहे. मला ती धंद्यातलं एक प्रकरण म्हणून तपासाविशी वाटते. जगातल्या सर्वाधिक ऐकल्या गेलेल्या सुरावटींपैकी ही एक असावी, आणि ती ज्यांच्या फोनवर वाजते त्यांपैकी बहुतेकांनी ती निवडलेली नाही. ग्राहक आपल्या दाराशी थांबलेला असताना त्याच्या कानावर काय पडावं, हा निर्णय एवढ्या मोठ्या प्रमाणावर न घेताच घेतला गेला, याचं मला खरोखर वाईट वाटतं. तो कसा घेतला गेला हे नीट पाहिलं, तर आपल्या फोनवर काय वाजावं हेही उमगतं.

शांततेची भीती

आधी थोडं मागं जायला हवं. होल्डवर संगीत वाजवण्याची कल्पना अमेरिकेतल्या आल्फ्रेड लेव्ही या कारखानदाराची. त्याच्या कारखान्यातल्या फोनवर थांबलेल्या लोकांना अचानक गाणी ऐकू येऊ लागली. शोध घेतला तेव्हा कळलं की फोनची एक सुटी तार इमारतीच्या पोलादी तुळईला टेकली होती. शेजारच्या इमारतीत रेडिओ स्टेशन होतं, त्यामुळं ती तुळई एरियलसारखी काम करत होती आणि कार्यक्रम थेट फोनच्या लाइनीत उतरत होता. लेव्हीनं ती तार नुसती दुरुस्त करून विषय संपवला नाही. १९६२ साली त्यानं पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६६ साली ते मिळालं.

पेटंट मागताना त्यानं जे कारण दिलं, ते आजही जसंच्या तसं लागू आहे. काहीच उत्तर न देणारं यंत्र कानाला लावून बसणं कंटाळवाणं असतं, माणसं फोन ठेवून देतात किंवा पुन्हा लावतात, आणि त्यात वेळ आणि पैसा दोन्ही वाया जातात, असा त्याचा मुद्दा होता. मन रिझवणं त्याच्या डोक्यात असेलही, पण मूळ दुखणं शांततेचं होतं. लाइन जिवंत आहे की तुटली, हेच समजत नाही. आपल्याकडं तर हा अनुभव घरोघरचा आहे. पलीकडं ‘‘एक मिनिट हं’’ म्हणून रिसीव्हर टेबलावर ठेवला, की अलीकडचा माणूस दहाव्या सेकंदाला ‘‘हॅलो? हॅलो? आहात का?’’ सुरू करतो.

म्हणजे होल्डवरच्या सुरांचं पहिलं काम करमणूक नव्हेच. ‘तुम्ही अजून जोडलेले आहात’ एवढं सांगणं हे पहिलं काम. करमणूक झाली तर ती त्याच्यावर. हा क्रम ज्यांनी ध्यानात ठेवला नाही त्यांची फसगत झालेली मी पाहिली आहे.

एक गॅरेज आणि चार ट्रॅकचा रेकॉर्डर

१९८९ साली टिम कार्लटन हा सोळा वर्षांचा मुलगा आणि त्याचा शाळेतला मित्र डॅरिक डील या दोघांनी कार्लटनच्या आईवडिलांच्या गॅरेजमध्ये ही धून ध्वनिमुद्रित केली. साधनं म्हणजे एक सिंथेसायझर, एक ड्रम मशीन आणि चार ट्रॅकचा रेकॉर्डर. चार ट्रॅक म्हणजे एका वेळी एक थर वाजवायचा, मग त्यावर दुसरा, मग तिसरा. नंतर दोघं आपापल्या वाटेनं गेले. धून कुठल्याशा कॅसेटवर राहिली.

पुढं डील सिस्कोत नोकरीला लागला. इंटरनेटच्या तारांवरून आवाज वाहून नेणाऱ्या फोनचा तो सुरुवातीचा काळ होता. १९९८ साली सिस्कोनं सेल्सियस सिस्टिम्स ही छोटी कंपनी विकत घेतली आणि तिच्या तंत्रावर ‘कॉलमॅनेजर’ ही यंत्रणा उभी राहिली. पुढं बँका, इस्पितळं, विद्यापीठं, सरकारी कार्यालयं सगळीकडं ती पसरली. अशा यंत्रणेत होल्डसाठी सुरुवातीला काहीतरी आवाज भरून द्यावाच लागतो, नाहीतर ग्राहकानं खोक्यातून फोन काढून जोडला की होल्डवर शांतता. डीलला मित्राची ती जुनी धून आठवली. कार्लटननं होकार दिला आणि धून यंत्रणेबरोबर बाहेर पडली.

यातली बारीक गोष्ट यंत्रणेच्या आत शिरणाऱ्यालाच दिसते. सिस्कोच्या यंत्रणेत या फाइलचं नाव ‘ओपस नंबर वन’ असं नसतं. ‘सॅम्पल ऑडिओ सोर्स’ असं असतं. म्हणजे नमुना. फोटोची फ्रेम विकत आणली की आत कुणा अनोळखी हसऱ्या कुटुंबाचा छापील फोटो असतो, तो काढून आपला लावायचा असतो. इथं लाखो कार्यालयांनी तो अनोळखी फोटोच भिंतीवर टांगून ठेवला. बदलायला फार वेळ लागत नाही. फाइल चढवायची, कुठल्या फोनला लागू करायची ते सांगायचं, संपलं. तरी ते होत नाही, कारण ते कुणाच्याच कामाच्या यादीत नसतं. फोन बसवणाऱ्याला वाटतं की तो व्यवस्थापकाचा विषय आहे. व्यवस्थापकाला वाटतं की फोन बसवणाऱ्यानं केलं असेल. आणि आपल्याच कार्यालयात होल्डवर काय वाजतं हे आतल्या कुणालाच ऐकू येत नाही. ऐकतो फक्त बाहेरचा.

२०१४ सालच्या जानेवारीत ‘धिस अमेरिकन लाइफ’ या अमेरिकेतल्या रेडिओ कार्यक्रमानं या धुनीची कथा सांगितली. एका गृहस्थांना होल्डवर ऐकलेले ते सूर इतके भावले होते की ते कुठले याचा ध्यास लागला, आणि शोध घेत घेत गाडी कार्लटन आणि डीलपर्यंत पोचली. त्यानंतर धुनीला स्वतःचे चाहते मिळाले, लोक ती इंटरनेटवर मुद्दाम शोधून ऐकू लागले. तिचा तिटकारा असणारेही तितकेच आहेत. ज्यांनी तास-तास तिच्या संगतीत काढले त्यांना तिचा पहिला स्वरही नको वाटतो. दोन्ही गट खरं बोलतात, असं मला वाटतं, आणि दोन्हींची कारणं एकाच ठिकाणी सापडतात. ते ठिकाण म्हणजे फोनची लाइन.

फोनची लाइन गाण्यासाठी नाही

फोनची लाइन बोलण्यासाठी बांधली आहे, गाण्यासाठी नाही. जुन्या तारेच्या फोनपासून एक मर्यादा चालत आली. सेकंदाला साधारण ३०० ते ३४०० कंपनं एवढाच पट्टा पलीकडं जातो. माणसाचं बोलणं कळायला तेवढा पुरतो. पुढं आवाज आकड्यांत बदलायला लागले तेव्हा सेकंदाला ८००० नमुने घ्यायचे, प्रत्येक नमुना ८ बिटांचा, म्हणजे सेकंदाला ६४ हजार बिट, हे माप ठरलं. हिशेब त्याच पट्ट्याचा.

आता यात आपलं संगीत घालून पाहा. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज सेकंदाला साधारण १३९ कंपनांचा असतो, म्हणजे तो मूळ स्वर लाइनीत शिरतच नाही. वरच्या स्वरांशांवरून, म्हणजे मूळ स्वराबरोबरच उमटणाऱ्या उंच कंपनांवरून, आपला कान तो मनातल्या मनात भरून काढतो, म्हणून गाणं ओळखू येतं. डग्ग्याचा घुमारा मात्र पार जातो आणि उरते नुसती टकटक. तानपुऱ्याची जवारी म्हणजे वरच्या स्वरांशांची रांगोळी. ती वरच्या टोकाला कापली जाते आणि उरतो गुणगुणता गोंगाट. बासरी आणि सतार त्या मानानं बऱ्या तरतात. हार्मोनिअमही चालते. मोठा वाद्यमेळ असलेलं सिनेमातलं गाणं सगळ्यात वाईट, कारण तिथं सगळी वाद्यं एकाच चिंचोळ्या दारातून घुसायला बघतात.

त्यात मोबाइल. जीएसएमच्या काळापासून मोबाइलमधली आवाज दाबण्याची रीत माणसाच्या गळ्याचा नमुना डोळ्यांपुढं ठेवून बनवली आहे. स्वरतंतूंचा कंप आणि तोंडाच्या पोकळीचा आकार यांचं गणित ती पाठवते आणि पलीकडं त्यावरून आवाज पुन्हा घडवला जातो. येणारा आवाज गळ्यातून निघालेला आहे असं ती गृहीत धरते. व्हायोलिनला गळा नसतो. म्हणून होल्डवर कधी कधी व्हायोलिन पाण्याखाली वाजल्यासारखं येतं, मधेच गुदमरतं, मधेच गायब होतं. गायब होण्याचं कारण वेगळं : बोलणं थांबलं असं समजून यंत्र पाठवणंच बंद करतं आणि भरीला हलकी खरखर सोडतं. मंद आलाप त्याला शांतता वाटतो. फोर-जीवरून बोलण्याच्या नव्या व्होल्टी सेवेत पट्टा बराच रुंद झाला आहे, ७००० कंपनांपर्यंत आवाज जातो. पण तो लाभ मिळायला दोन्ही टोकं आणि मधला सगळा रस्ता रुंद असावा लागतो. कार्यालयाची लाइन बहुधा जुन्या मापाचीच असते.

या कसोटीवर ‘ओपस नंबर वन’ तपासली की ती का टिकली ते कळतं. तिच्यात शब्द नाहीत, त्यामुळं भाषेचा प्रश्न नाही आणि अर्थाचाही नाही. ठेका सतत चालू असल्यानं यंत्राला ती शांतता वाटत नाही. मुख्य सुरावट मधल्या पट्टीत आहे, दाराच्या चौकटीत मावणारी. चार ट्रॅकच्या मर्यादेमुळं थर मोजके. सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती महागडी साधनं असती तर धून कदाचित अधिक भरगच्च झाली असती आणि फोनवर तिचा चिखल झाला असता. कुणी मुद्दाम आखणी केली नव्हती, पण गॅरेजातल्या तुटपुंज्या सामानानं जे घडवलं ते फोनच्या तुटपुंज्या पट्ट्यात बसलं.

आणि तिटकाऱ्याचं कारण? ती पुन्हा पुन्हा येते. यंत्रणेत सतत वाजत ठेवण्याची सोय असते, आणि तीच वापरली जाते. पहिल्या फेरीला धून सोबत करते. तिसऱ्या फेरीला ती घड्याळ बनते : आपण तीन फेऱ्या थांबलो, अजून कुणी आलेलं नाही. सूर तेच, पण ऐकणाऱ्यासाठी त्यांचा अर्थ बदललेला.

ऐकणारा कशाची वाट पाहतो

इस्रायलमधल्या नीरा म्युनिकोर आणि अनत रफाएली या दोघींचा अभ्यास २००७ साली ‘जर्नल ऑफ अप्लाइड सायकॉलॉजी’मध्ये आला. फोनवर थांबलेल्यांना तीन प्रकारांनी गुंतवलं गेलं : संगीत, वारंवार दिलगिरी, आणि रांगेत आपण कितवे आहोत ही माहिती. पहिल्या भागात १२३ खरे कॉल होते. सगळ्यात कमी लोकांनी फोन ठेवला तो रांगेतला क्रमांक सांगितलेल्या गटात, आणि समाधानही तिथंच जास्त. दुसऱ्या भागात ८३ जणांना घेऊन त्याचं कारण शोधलं. वेळ कमी वाटला म्हणून नव्हे, तर आपण पुढं सरकतो आहोत असं वाटलं म्हणून माणसं बरी राहिली, असं दिसलं.

सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही हे पटेल. समोरच्या पाठी कमी होताना दिसल्या की पाय दुखणं कमी होतं. फोनवर पाठी दिसत नाहीत, म्हणून त्या सांगाव्या लागतात.

इथं मला स्वतःचा एक अनुभव सांगावासा वाटतो. आईच्या तपासणीचा रिपोर्ट आला का हे विचारायला मी एका रुग्णालयाला फोन केला होता. होल्डवर गेलो. त्यांनी संगीत लावलं नव्हतं, जाहिरात लावली होती : संपूर्ण आरोग्य तपासणीचं पॅकेज, सवलतीच्या दरात. प्रत्येक फेरीनंतर ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’. ते वाक्य माणसाच्या आवाजात यायचं, त्यामुळं दर वेळी मी सावरून ‘‘हॅलो’’ म्हणायचो, आणि पुन्हा जाहिरात. किती वेळ गेला ते आज आठवत नाही. पण ते सहा-सात वेळा ‘‘हॅलो’’ म्हणणं आठवतं. ज्या घरात रिपोर्टची वाट पाहिली जाते त्या घराला पॅकेज ऐकवू नये, हे कुणाच्या मनात आलं नाही, कारण त्या फोनच्या बाहेरच्या टोकाला कधी कुणी उभंच राहिलं नव्हतं.

तेव्हापासून मी ग्राहकांना आग्रहानं सांगतो की संगीताच्या मधे बोलायचं असेल तर काहीतरी नवं सांगा. ‘तुमच्या आधी दोन जण आहेत’, ‘साधारण तीन मिनिटं लागतील’, ‘बिलाचा नंबर हाताशी ठेवा’. सांगण्यासारखं काही नसेल तर मधे तोंड उघडूच नका. दर वेळी मानवी आवाज आला की कान टवकारतो, माणूस आला असं वाटतं, आणि ती आशा मोडली की त्याची किंमत कंपनीच्या खात्यातून जाते.

चांगला मजकूरही वारंवार आला की कसा नकोसा होतो, हे आपण सगळ्यांनी २०२० सालापासून भोगलं आहे. कुणालाही फोन लावला की आधी खोकला आणि मग कोरोनाची सूचना. ती वाजायची रिंग जाण्यापूर्वी, म्हणजे होल्डच्या आधीच्या अंगणात. मजकूर हिताचाच होता, सुरुवातीला उपयोगीही पडला. पण महिनोन्‌महिने तोच. मे २०२१ मध्ये, लशींचा तुटवडा असताना ‘लस घ्या’ असं ऐकवणारी ती धून त्रासदायक आहे, असं दिल्ली उच्च न्यायालयानंही बोलून दाखवलं. प्रसंग बदलला होता, ध्वनिफीत तीच राहिली होती.

रांगेचं गणित

संगीतावर इतकं लिहिल्यावर एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी : संगीतानं रांग कमी होत नाही. रांगेचं शास्त्र कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या ए. के. एर्लांग या गणितज्ञानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडलं. १९०९ आणि १९१७ सालचे त्याचे निबंध आजही कॉल सेंटरच्या हिशेबाचा पाया आहेत.

समजा, एका दुकानात तासाला २० फोन येतात आणि प्रत्येक फोनवर सरासरी ६ मिनिटं जातात. म्हणजे तासाभरात १२० मिनिटांचं बोलणं, दोन माणसांचं पूर्ण काम. दोनच माणसं ठेवली तर रांग वाढतच जाईल, कारण फोन घड्याळ लावून समान अंतरानं येत नाहीत, झुंडीनं येतात. तीन ठेवली तर एर्लांगच्या सूत्रानुसार दर १०० पैकी साधारण ४४ जणांना थांबावं लागतं आणि सगळ्यांची मिळून सरासरी वाट २ मिनिटं ४० सेकंद येते. चौथा माणूस आला की थांबावं लागणारे १७ पर्यंत उतरतात आणि सरासरी वाट जेमतेम अर्ध्या मिनिटावर येते. एका माणसानं वाट पाचव्या हिश्श्यावर आणली. कुठलीही धून हे करू शकत नाही.

आपल्या दूरसंचार नियामकानं, म्हणजे ट्रायनं, टेलिफोन कंपन्यांसाठी नियम घालताना हेच माप धरलं आहे : ग्राहकानं माणसाशी बोलायचा पर्याय निवडला, तर १०० पैकी ९५ कॉल ९० सेकंदांच्या आत उचलले गेले पाहिजेत. वाट पाहताना काय ऐकवता, याबद्दल ते माप काही म्हणत नाही. सेकंद मोजतं.

हक्काचा प्रश्न

‘ओपस नंबर वन’ जगभर निर्धोक वाजू शकली याचं एक कारण कायद्याचं आहे. कर्त्यानंच वापराला संमती दिली होती. आवडतं सिनेगीत उचलून होल्डवर लावणाऱ्यांना ही सोय नसते. ऑस्ट्रेलियात टेलस्ट्रा ही टेलिफोन कंपनी आणि संगीतकारांच्या हक्कांची संस्था ‘एप्रा’ यांच्यात होल्डवरच्या संगीतावरूनच खटला झाला आणि १९९७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल संगीतकारांच्या बाजूनं दिला. प्रत्येक जण एकेकटा ऐकत असला तरी धंद्याच्या कामात असे ऐकणारे हे संगीतकाराच्या दृष्टीनं लोकसमुदायच ठरतात, असा त्याचा आशय.

आपल्याकडं १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, आणि धंद्याच्या ठिकाणी वाजवायच्या संगीताचे परवाने आयपीआरएस, पीपीएल यांसारख्या संस्था देतात. लहान दुकानदाराला हे माहीत नसतं. माझ्या मते त्यानं दोनपैकी एक रस्ता धरावा : रीतसर परवाना घ्यावा, किंवा ओळखीच्या वादकाला बसवून, त्याला पैसे देऊन, लेखी संमती घेऊन तीन-चार मिनिटं ध्वनिमुद्रित करावीत. गावोगावी बासरी आणि सतार वाजवणारी मुलं आहेत. त्यांना काम मिळेल.

तिसरा रस्ता मला फार जवळचा वाटतो. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो. रचनेवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. त्यामुळं मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकड्यांपैकी कितीतरी आज मोकळ्या आहेत. मिरजेत राहिलेले गायक अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले. त्यांच्या आणि त्यांच्या पिढीच्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची, म्हणजे होल्डच्या मापाची. शिवाय त्या काळच्या ध्वनिमुद्रणाचा पट्टाही अरुंद होता, त्यामुळं फोनवर आल्यावर त्यातलं गमावण्यासारखं फार थोडं उरतं. आजचं चकचकीत ध्वनिमुद्रण फोनवर फाटतं, आणि नव्वद वर्षांपूर्वीचा आवाज बऱ्यापैकी शाबूत पोचतो. तबकडीची खरखर मात्र आधी काढावी लागते, कारण मोबाइलचं यंत्र खरखरीवर अडखळतं. आणि एखाद्या कंपनीनं नव्यानं साफ करून काढलेली आवृत्ती घेताना तिच्या अटी वाचाव्यात.

भोसरीतलं दुकान

शेवटी एका कामाबद्दल. भोसरीत यंत्रांचे सुटे भाग विकणारे एक व्यापारी आहेत. नाव घेत नाही. त्यांच्याकडं सिस्कोची जुनी यंत्रणा होती आणि होल्डवर अर्थातच तो नमुना. मला बोलावलं ते एवढ्यासाठी : ‘‘दादा, लोक वैतागतात हो. एखादं झकास गाणं टाकून द्या.’’

मी त्यांना म्हटलं, ‘‘साहेब, गाणं टाकतो, पण आधी पाच मिनिटं जिन्यात चला.’’ ते आले. मी त्यांच्याच मोबाइलवरून त्यांच्याच दुकानाचा नंबर लावला आणि फोन त्यांच्या कानाला दिला. वेळ सकाळी साडेअकराची, गर्दीची. आतल्यांना काही सांगितलं नव्हतं. धून सुरू झाली. पहिली फेरी ते हसत ऐकत होते. मग हसू गेलं. मग त्यांनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. आतल्या पोरानं उचललं तेव्हा त्यांनी मालक म्हणून काही बोलायच्या आधीच तो ‘‘एक मिनिट’’ म्हणाला आणि धून परत सुरू झाली.

मग आम्ही त्यांच्या टेबलाशी बसून वरचा हिशेब त्यांच्या फोनच्या नोंदी घेऊन मांडला. गर्दी दिवसभर नव्हतीच, अकरा ते एक होती. त्या दोन तासांत माल बांधणारा एक अनुभवी माणूस फोनवर बसवायचं ठरलं. त्याला कुठला बेअरिंग कुठल्या यंत्राला लागतो हे तोंडपाठ होतं, त्यामुळं त्याचे कॉल इतरांपेक्षा लवकर आटपायचे. रांगेतला क्रमांक मराठीतून सांगायची सोय केली. फोन घेणाऱ्या ताईंनीच त्यांच्या नेहमीच्या आवाजात ती वाक्यं बोलून दिली. फार गोड न करता, ‘‘तुमच्याआधी दोघं आहेत, पार्टचा नंबर जवळ ठेवा,’’ एवढंच. म्हणजे वाट पाहताना जो आवाज ऐकला तोच पुढं फोनवर भेटतो. दर वेळी क्रमांक बदलला तरच आवाज येतो, नाहीतर नाही.

संगीत म्हणून आळंदीकडच्या एका मुलाची बासरी घेतली, तबल्याशिवाय, खाली हलका ठेका. आवाजाची पातळी मी मुद्दाम कमी ठेवली, आणि पुन्हा जिन्यात जाऊन तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमवरून ऐकली. एका सिमवर मंद्रातली सुरुवात तुटत होती, म्हणून तेवढा भाग कापून धून मध्य सप्तकातून सुरू केली.

झकास गाण्याचा विषय त्या व्यापाऱ्यांनी पुन्हा काढला नाही. महिन्याभरानं दुसऱ्या कामासाठी गेलो, तेव्हा त्यांनी एकच विचारलं : त्यांच्या दुसऱ्या दुकानात, चाकणला, बाहेरून फोन केल्यावर काय वाजतं? मला ठाऊक नव्हतं. त्यांनाही नव्हतं. आम्ही दोघं जिन्यात गेलो.